जुन्या डॅटसनचे बुश आणि न्हावा शेव्याचा कागद

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे उलटून गेली. सूत, थान, रंग आणि उधारी यांपलीकडे आम्हाला फार कळते असा आमचा दावा नाही. तरीही आज या पानावर आम्ही मोटारीच्या सस्पेन्शनविषयी लिहीत आहोत, याला कारण आमचा भाचा. पनवेलजवळ कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागच्या बाजूस, त्याचे लहानसे गॅरेज आहे. ट्रकचे पाटे बदलणे, ब्रेकचे लायनर टाकणे, बेअरिंग बसवणे हे त्याचे रोजचे काम. या गॅरेजात आमचे दोन लाख रुपये गुंतलेले असल्यामुळे तेथे काय चालते याकडे आमचे लक्ष असते. गेल्या वर्षी एका सकाळी गेलो तर ट्रकांच्या रांगेत एक लांब नाकाची, बुटकी, दोन दारांची मोटार उभी. रंग उडालेला, मागची बाजू जमिनीकडे बसलेली. भाचा म्हणाला, "मामू, हे काम सोडायचं नाही. ही डॅटसन झेड आहे."

गाडी १९७२ ची, डॅटसन २४०-झेड. मालक कोकणातले. त्यांच्या वडिलांचे मोंबासात दुकान होते. ते आवरून कुटुंब १९७० च्या दशकाच्या अखेरीस परतले, तेव्हा घरसामानाबरोबर ही गाडीही बोटीतून मुंबईला उतरली. काही वर्षे चालली. मग सुटे भाग मिळेनात म्हणून गावच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. खारी हवा आणि कोकणातले पावसाळे यांनी खालच्या बाजूने तिचे जे करायचे ते केले. इंजिन मालकांनी आधीच दुसरीकडे बांधून घेतले होते. भाच्याकडे काम होते ते फक्त सस्पेन्शनचे. अट एकच, "सगळं ओरिजिनल पाहिजे."

हा शब्द आम्ही बाजारात रोज ऐकतो. ओरिजिनल जरी, ओरिजिनल मलमल, ओरिजिनल रंग. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे, याचा हिशेब बहुधा भांडण झाल्यावरच लागतो. तेव्हा आम्ही भाच्याला म्हटले, आगाऊ रक्कम घे, पण ओरिजिनल म्हणजे काय ते आधी विचारून घे. त्याने रक्कम घेतली, विचारले मात्र नाही.

आमच्या वयाच्या वाचकांना डॅटसन म्हणजे गल्फहून येणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोतली गाडी. ही झेड त्या घरगुती गाड्यांहून वेगळी. निस्सान कंपनीने १९६९ साली ती जपानात ‘फेअरलेडी झेड’ नावाने आणली, परदेशात २४०-झेड म्हणून विकली. सहा सिलिंडर, २३९३ सी.सी.चे इंजिन, आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. युरोपातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्स गाड्यांपेक्षा किंमत बरीच कमी. पहिल्या पिढीची ही गाडी १९७८ पर्यंत बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक विकली गेली. पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत, चिखल आणि दगडधोंड्यांतून हजारो किलोमीटरच्या शर्यतीत, ती १९७१ साली पहिली आली आणि १९७३ साली पुन्हा. १९७३ चा विजेता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण. मोंबासाच्या दुकानदाराने हीच गाडी का घेतली असेल, याचा यावरून अंदाज येतो.

कापडवाल्यांनी जपानी मोटारीला परके समजण्याचे कारण नाही. टोयोटाचा पाया साकिची टोयोडा यांच्या मागाने घातला. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग इतका पुढारलेला होता की इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ साली एक लाख पौंड देऊन त्याचे हक्क घेतले. सुझुकीची सुरुवात १९०९ साली मागाच्याच कारखान्याने झाली. निस्साननेही पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे माग बनवले. म्हणजे ज्यांनी आमचे धागे विणले त्यांनीच या गाड्या केल्या.

आता कामाची गोष्ट. या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाखाली लोखंडाचा एक आडवा आर्म असतो. तो आर्म आणि उभा स्ट्रट यांना जोडणारी एक पिन असते, वीतभराहून लांब आणि अंगठ्याएवढी जाड. तिला स्पिंडल पिन म्हणतात. तिच्या मधोमध एक छोटा कॉटर ठोकून तिला जागेवर अडकवलेले असते. पन्नास वर्षांत पाणी आत शिरते, पिन आणि स्ट्रटचे लोखंड गंजाने एकजीव होते. हे दुखणे जगभरच्या झेडवाल्यांना ठाऊक आहे. आमच्या भाच्याला ते ठाऊक नव्हते. त्याने पहिल्याच दिवशी घण उचलला.

नशीब असे की त्या दिवशी कुर्ल्याचे उस्ताद तेथे होते. सत्तरीचे गृहस्थ. सी.एस.टी. रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हयात गेलेली. कधीकाळी कुर्ल्याच्याच कारखान्यात प्रीमियरच्या गाड्या बनत, आणि तेथल्या ११८-एनई या गाडीला निस्सानचेच इंजिन होते, त्यामुळे उस्तादांना निस्सानचा हात ओळखीचा. त्यांनी भाच्याच्या हातातला घण काढून घेतला. म्हणाले, "बेटा, टोकावर मारशील तर डोकं फुलेल. फुललेली पिन मग आयुष्यात निघत नाही. आटे गेले की सगळं गेलं."

उस्तादांनी आधी दोन्ही टोकांचे नट काढले, मग कॉटर बाहेर काढला. हा कॉटर तसाच राहू देऊन पिन ओढणारे बरेच असतात, ते स्ट्रटच फोडून बसतात. नंतर डिझेल आणि रॉकेल मिसळून आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पिनीला पाजले. तोवर एका जाड पाइपाचा तुकडा, वायसर आणि कडक पोलादाचा लांब बोल्ट यांपासून एक ओढणी बनवली. पाइप स्ट्रटवर टेकतो, बोल्ट पिनीच्या आट्यांना धरतो, आणि नट फिरवला की पिन ठोक्याशिवाय ओढली जाते. नवव्या दिवशी बाहेरच्या लोखंडाला गॅसची ऊब दिली आणि पाव-पाव फेरा करत डावी पिन निघाली. ती निघताना जो आवाज झाला त्याने शेजारच्या पंक्चरवाल्यानेही डोके वर केले. पिन घासून पाहिली तर मधला भाग जेमतेम, पण चालण्याजोगा. ती ठेवली.

उजवी पिन मात्र निघाली नाही. आणखी बारा दिवस पाजले, तीन वेळा तापवली. अखेर उस्तादांनीच सांगितले की ही कापावी लागेल. दोन्ही बाजूंनी कापली, मधला तुकडा प्रेसवर ढकलून काढला, स्ट्रटचे भोक वाचले. याप्रमाणे डावीकडे कारखान्याची पिन आणि उजवीकडे नवी. ओरिजिनलचा पहिला प्रश्न येथेच उभा राहिला.

दुसरा प्रश्न रबराचा. आर्मच्या भोकांत रबरी बुश असतात, त्यांच्या बाहेर पोलादाची पातळ नळी. रबर जाळून काढता येते, नळी मात्र आर्मला धरून बसते. हॅक्सॉचे पाते भोकातून ओवून ती आतून चिरायची, आणि आर्मच्या धातूला पाते लागायच्या आत थांबायचे. हे काम भाच्याकडच्या एका मुलाने इतके नेटके केले की उस्तादांनी त्याला त्याच संध्याकाळी चहा पाजला, जो ते सहसा कोणाला पाजत नाहीत.

बुश कोणते टाकावेत यावर मतभेद झाला. बाजारात पॉलियुरेथेनचे, ज्याला कारागीर पीयू म्हणतात, ते बुश मिळतात. टिकाऊ, रंगीत, बसवायला सोपे. पण मूळ रबर पिळवटते आणि परत येते, पीयू नुसते घासत फिरते आणि तेल सुकले की करकरते. पुढच्या चाकाला मागून धरणारी जी कॉम्प्रेशन रॉड असते, तिच्या दोन्ही बाजूंना कडक पीयू घातले तर रॉडला हलायला वाव राहत नाही आणि ती आट्यांपाशी तुटू शकते. ज्याची गाडी त्याचा जीव. म्हणून रबरच ठरले.

खर्च वाचावा म्हणून रबर येथेच ओतून घ्यायचे ठरवले. एका मोल्डिंगवाल्याने नमुना पाहून डाय बनवली. पहिली खेप हाताला कडक लागली. मोजली तर शोअर मापावर ८० च्या पुढे, आणि त्याच डायमधून निघालेल्या दोन बुशांत आठ अंकांचा फरक. महिनाभर दाबून ठेवल्यावर रबराने धातू सोडला. आमच्या भाषेत सांगायचे तर ताणा एका गिरणीचा, बाणा दुसऱ्या गिरणीचा, आणि धुतल्यावर कापड आखडले. दुसऱ्या खेपेत मिश्रण सुधारले. त्यातले स्टिअरिंगच्या रॅकचे पट्टे आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आदळणारे ठोकळे आम्ही वापरले. वजन पेलणारे बुश मात्र जपानहून नवे मागवायचे नक्की झाले.

स्प्रिंगबाबत एक गोष्ट कारागीर वाचकांच्या उपयोगाची आहे. मागच्या दोन्ही स्प्रिंगा बसल्या होत्या, आणि नव्या येथे वळवून घेता येतात. पण नमुन्यावरून स्प्रिंग करणारे वेटोळी मोजतात आणि तार नजरेने धरतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त पाच टक्के जाड घेतली तर स्प्रिंग एकवीस टक्क्यांहून अधिक कडक होते. चाळीस नंबरच्या सुताऐवजी अडतीस नंबर टाकला तर गिऱ्हाइकाला कळत नाही, येथे गाडी पहिल्याच खड्ड्यात सांगते. आम्ही रंग खरवडून, मायक्रोमीटर लावून तार मोजली, आणि तीही बसलेल्या भागावर न मोजता टोकाच्या वेटोळ्यावर.

सर्वांत अवघड ठरले शॉक अब्सॉर्बर. स्ट्रटच्या नळीत आतला दांडा आणि सिलिंडर असतो. दांड्यांना गंजाने खड्डे पडले होते. हार्ड क्रोम करून घासून घ्यावेत तर चारपैकी दोनच त्या लायकीचे. तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाने मार्ग सुचवला. जपानात भंगारात गेलेल्या झेडचे चार स्ट्रट, पिनीसकट, आर्मसकट, कमी पैशात मिळत होते. "शेठ, तुमच्या मागाच्या स्पेअरच्या खोक्यात टाकून आणू. कोण बघतंय?"

वाचकांपासून लपवीत नाही, आम्ही तो विचार दोन दिवस केला. भिवंडीला भागीदारीत आमचे काही माग आहेत. त्यांचे सुटे भाग वर्षातून एक-दोनदा न्हावा शेव्याला उतरतात. भाच्याचे काम तीन महिने अडलेले, मालकांचे फोन रोजचे, आणि आमचे दोन लाख त्यात.

पण कायदा काय आहे तेही ठाऊक होते. जुना माग आयात करायला सहसा परवाना लागत नाही, कारण तो उत्पादनाचे यंत्र. त्या यंत्राचे दुरुस्त केलेले सुटे भागही आणता येतात, फक्त त्यांचे ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला हवा. मोटारीचा जुना स्ट्रट मात्र यंत्र नव्हे, वापरलेला माल आहे. त्याला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. नवा भाग, मग तो चाळीस वर्षे गोदामात पडून राहिलेला का असेना, वापरलेला नसेल तर मोकळा. आणि खोक्यात लपवून आणलेला माल सापडला तर १९६२ च्या कस्टम्स कायद्याचे ११९ वे कलम आहे. ज्या मालाआड तो लपवला तो मालही जप्त होऊ शकतो. चार स्ट्रटपायी आमचे मागाचे भाग, आयातीचा कोड आणि तीस वर्षांची पत. आम्ही नाही म्हटले. भाचा चार दिवस आमच्याशी नीट बोलला नाही.

मग सरळ वाट धरली. नवे बुश, एक नवी पिन, स्ट्रटच्या वरच्या रबरी गाद्या आणि मूळ नळीत बसणारी चार नवी शॉक कार्ट्रिज अशी यादी केली. एवढ्याशा मालाला पूर्ण कंटेनर कोण घेणार? इतरांच्या मालाबरोबर सामायिक कंटेनरमध्ये खोका आला. तो घ्यायला आम्ही अटल सेतूवरून गेलो. जानेवारी २०२४ मध्ये हा पूल सुरू झाल्यापासून शिवडीहून न्हावा शेव्याला जाणे म्हणजे पूर्वीचा अर्धा दिवस राहिला नाही. १९८९ साली हे बंदर सुरू झाले तेव्हा आमच्या पिढीचे कापडवाले येथे कागदांची पिशवी घेऊन सकाळी येत ते रात्री परतत.

खोका तरीही पाच दिवस अडकला, आणि चूक आमची होती. जपानच्या व्यापाऱ्याने बिलावर नुसते ‘ऑटो पार्ट्स’ लिहिले होते आणि आम्ही ते तसेच पुढे दिले. सस्पेन्शनचे भाग ८७०८ या शीर्षकाखाली ८७०८.८० मध्ये येतात, निव्वळ व्हल्कनाइज्ड रबराची वस्तू ४०१६ मध्ये. कापडात सुती आणि मिश्र यांचे कोड वेगळे लिहायला आम्ही कधी चुकलो नाही, येथे मात्र रबर आणि लोखंड एका ओळीत घातले. खोका उघडून तपासणी झाली, भागवार यादी आणि प्रत्येकाची किंमत दिली, शिल्लक ड्यूटी भरली, माल सुटला. पाच दिवसांचे गोदामभाडे बुशांच्या किमतीच्या जवळपास गेले. नव्याने या कामात पडणाऱ्यांनी बिल बनण्याआधीच प्रत्येक भागाचे नाव, धातू की रबर, नवा की वापरलेला, हे व्यापाऱ्याकडून लिहून घ्यावे.

हे काम पुढे वाढणार असे आम्हाला वाटते. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्याच व्हिंटेज म्हणून परदेशातून आणता येत. २०२५ च्या सुरुवातीला ही मर्यादा बदलून पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही गाडी अशी झाली, आणि ती दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. कर गाडीच्या किमतीहून अधिक पडतो, म्हणून रांग लागणार नाही, पण आणणारे आणतील. नोंदणीसाठी २०२१ चे नियम आहेत. पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. सस्पेन्शनचे नाव त्यात नाही. पण भाच्याच्या एका मित्राने सुचवल्याप्रमाणे नव्या पद्धतीचा स्ट्रट बसवण्यासाठी वरचे बुरूज कापले असते, तर तो बॉडीलाच हात लागला असता.

जपानात कंपन्याही या कामात उतरल्या आहेत. निस्सानने २०१७ पासून जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले, माझदाने त्याच वर्षी पहिल्या रोडस्टरचे. याच २४०-झेडबाबत निस्सानने अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्या विकत घेऊन, दुरुस्त करून, पंचवीस हजार डॉलरच्या आसपास विकून पाहिल्या. दोनशेचा बेत होता, पन्नासही झाल्या नाहीत. एकेका गाडीला लागणारी मजुरी किमतीत बसेना. जेथे मजुरी महाग तेथे हे काम मागे पडते. पिन वीस दिवस पाजणारे उस्ताद आमच्या कुर्ल्यात आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकणारे दोनच जण उरले आहेत, आणि त्यातला एक मोबाइलच्या दुकानात जाण्याच्या तयारीत आहे.

काम पुरे झाल्यावर गाडी उलव्याच्या रस्त्यावर काढली. पुढच्या डाव्या बाजूने टक्‌ असा आवाज. भाच्याने पुन्हा चाक खोलले. बुश गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले होते, त्यामुळे रबर आधीच पिळलेले. गाडी चाकांवर उभी करून, वजन टाकून नट पुन्हा आवळले. आवाज गेला. हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

बिल आम्ही स्वतः लिहिले. तीन रकाने केले: गाडीचे मूळ भाग, दुरुस्त केलेले मूळ भाग, नवे भाग. चारही आर्म आणि चारही स्ट्रटच्या नळ्या दुसऱ्या रकान्यात. डावी पिन पहिल्या, उजवी तिसऱ्या. स्प्रिंगा तिसऱ्या, समोर ‘मुंबईत बनवलेल्या’. रॅकचे पट्टेही तसेच. मालकांनी बिल दोनदा वाचले. म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंत? नुसतं ‘सर्व भाग ओरिजिनल’ लिहा. उद्या कोणी पाहिलं तर बरं दिसेल."

भाच्याने आमच्याकडे पाहिले. पैसे यावयाचे होते. पण या वेळी तोच बोलला, "साहेब, ते उद्या मला विचारतील. उजव्या पिनीवर कुठला छाप आहे, ते कोणीही वाकून बघू शकतो."

मालक रागावले नाहीत, खूशही झाले नाहीत. कापलेल्या पिनीचे तुकडे, चिरलेल्या नळ्या आणि गंजके दांडे आम्ही एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून, वर यादी चिकटवून, त्यांच्या हवाली केले. डबा त्यांनी मागे ठेवला आणि गाडी घेऊन गेले. पंधरा हजार रुपये बाकी आहेत. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, पैशांबद्दल नव्हे. त्यांच्या ओळखीच्या कोणाकडे अशीच एक जुनी जपानी गाडी आहे आणि त्याला असेच तीन रकान्यांचे बिल हवे आहे.